चार बोटांचं माप

मोसंबीची बाग तोडायची ठरली त्याच आठवड्यात कावेरीचे पाय मोजायचंही ठरलं. दोन्ही कामं काकासाहेबाच्या वाट्याला आली. बाग त्यानंच लावलेली, तिच्यावर दुसऱ्यानं कुऱ्हाड चालवलेली त्याला बघवली नसती; आणि नातीचे पाय मोजायला घरात तो आणि त्याची बायको एवढीच राहणार होती.

त्या साली पाऊस इतका तोंडदेखला आला, की त्याला आला म्हणायचीही पंचाईत. गंगापूरच्या अलीकडच्या त्या वाडीत आधी विहिरींचं पाणी गेलं, मग गाळ वाळला, मग गाळाला भेगा पडल्या. काकासाहेबानं शेजाऱ्यांचं बघून खोल बोअर मारलं. मशीन दिवसभर धूळ ओकत राहिली आणि दिवस कलताना कशीबशी एक बारीक धार लागली. तेवढ्यावर माणसं आणि एक म्हैस जगली असती, बाग नाही. मुलगा गोकुळ वाळूजच्या एका कंपनीत माल चढवायला लागला होता. आता त्याची बायको तनुजाही तिथंच खोकी भरायच्या कामाला निघाली. तिकडं घेतलेल्या खोलीत दोघं आडवी झाली की दार उघडत नसे, शिवाय दोघांच्या ड्युट्या उलटसुलट. पोरीला तिथं ठेवणार कुठं आणि बघणार कोण? ती आजी-आजोबांजवळ राहील असं ठरलं.

कावेरीला अकरावं लागलं होतं. तोंडाची चुरचुरीत, उंचीला आईच्या खांद्यापर्यंत आलेली. पण पाय असे, की गुडघे एकमेकांना घासतायत आणि पावलं मात्र भांडण झाल्यासारखी लांब लांब. पळायला गेली की गुडघ्यावर गुडघा आपटायचा आणि पोरगी तोंडावर पडायची. टँकरच्या रांगेतली पोरं तिला ‘कैची’ म्हणत. ती त्यांच्याबरोबर हसायची आणि घरी येऊन म्हशीला शिव्या द्यायची.

तनुजानं तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं होतं. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. त्यानं हाडांचा फोटो काढला, टेपनं मोजलं आणि सांगितलं, की पोरीची हाडं अजून वाढतायत ही चांगली गोष्ट आहे. पायांमधलं अंतर वाढायला लागलं, तर गुडघ्याजवळ एक बारीक पट्टी बसवता येते. मग वाढता वाढता हाडच पाय सरळ करत आणतं. पण ते वाढ चालू आहे तोवरच. वाढ एकदा थांबली की हाड कापावं लागतं, दोन्ही पायांचं. म्हणून घरी दर महिन्याला मोजत राहा, सहा महिन्यांनी दाखवून जा, आणि मधेच वाढलेलं दिसलं तर एक दिवसही थांबू नका. खोल बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी हाडं आणखी बिघडतात, ते पाणी तिला देऊ नका, हेही त्यानं बजावलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी तनुजानं ओसरीवर घोंगडी अंथरली आणि कावेरीला सपाट निजवलं.

“मामा, नीट बघा बरं,” ती सासऱ्याला म्हणाली. “गुडघ्याच्या वाट्या अशा वर, आभाळाकडं. गुडघ्याला गुडघा टेकवायचा, पर दाबायचं नाय. दाबलं की माप खोटं येतंय. आता हितं बघा. ह्या घोट्याच्या हाडापासून त्या घोट्याच्या हाडापर्यंत.”

तिनं आपला हात उभा धरून बोटं जुळवली आणि पोरीच्या घोट्यांच्या मधे घातली. चारी बोटं आत बसली, ना सैल ना घट्ट.

“डॉक्टरनी कायतरी आकडा सांगितला व्हता. म्या म्हणलं, आकडा कुठं ध्यानात ऱ्हातोय? तिथंच बोटं घालून बघितली. बरोब्बर चार. चाराच्या वर गेलं की त्याच दिवशी मला फोन करायचा.”

“चार,” काकासाहेब म्हणाला.

त्यात त्याला अवघड काही वाटलं नाही. बी किती खोल टाकायचं, भातात पाणी किती ठेवायचं, पावसाची ओल कुठवर उतरली, हे सगळं त्या घरात बोटांवरच चालायचं. त्याच्या बापाचं चाललं, त्याचं चाललं. टेप ही शिंप्याची आणि तलाठ्याची वस्तू.

त्याची बायको द्वारकाबाई उंबऱ्यात बसून हे बघत होती. ती म्हणाली, “एक सांगून ठिवते. लेकराचं आंग सारखं सारखं मोजू नाय, मोजलं की वाढतंय. पुनवेला सकाळी एकदा, आन् एकाच मानसानं. मग दुसऱ्या पुनवेपस्तोर कुणी हात लावायचा नाय.”

“बरं, आत्याबाई,” तनुजा म्हणाली. सासूशी वाद घालण्याइतका वेळ तिच्याकडं नव्हता, पहाटेची गाडी धरायची होती.

पुनव आली तोवर निम्मी बाग आडवी झाली होती. झाडं तोडणं सोपं होतं, खोडं उपटणं जिवावर येत होतं. काकासाहेब पहार घालून खोडाखालचा मुरूम उकरायचा, मग टिकावानं मुळ्या तोडायचा, मग खांदा लावून रेटायचा. फळं देताना ज्यांनी कधी कुरकुर केली नव्हती त्या झाडांनी मरताना मात्र त्याचा घाम काढला. त्याचे तळहात सोलवटले, बोटांचे सांधे टम्म झाले. त्या सकाळी त्यानं साबण लावून हात धुतले, कारण पोरीला आपले हात खरखरीत लागतील याची त्याला लाज वाटत होती.

कावेरी निजली. द्वारकाबाईनं गुडघे धरले. काकासाहेबानं बोटं जुळवून हात आत घातला. पहिलं गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. चवथं बाहेरच राहिलं.

त्यानं हात काढून घेतला आणि नुसता बघत बसला.

“काय झालं वो?” द्वारकाबाईनं घाबरून विचारलं.

“तीन.”

“नीट बघा की!”

“बघितलं. तीनच हायेत. चवथं जाईना.”

द्वारकाबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ ती पोरीचे पाय तिळाच्या तेलानं चोळत होती. ते तेल कामाला आलं याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. काकासाहेब रोज टँकरवरून कावेरीपुरती वेगळी घागर खांद्यावर आणायचा, त्याला वाटलं, पाण्यानंच फरक पडला. त्यानं गोकुळला फोन लावला. तो तनुजानं उचलला. तीन म्हटल्यावर पलीकडून यंत्रांच्या आवाजात तिचं रडणं ऐकू आलं. इतक्या महिन्यांत त्या घरात आनंदानं रडायचं निमित्त ते पहिलंच.

त्या दिवशी टँकरच्या रांगेत काकासाहेबानं ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली. कारभारी नावाचा त्याचा जुना सोबती म्हणाला, “तुझ्या हाताला गुण हाय गड्या. माझ्या नातवालाबी बघ एकदा.” काकासाहेब नको नको म्हणाला, पण छाती फुगायची ती फुगलीच. दुष्काळात माणसाला फुशारकी मारायला फारसं काही मिळत नाही.

सहा महिन्यांनी दवाखान्यात जायचं होतं. गोकुळची रजा नामंजूर झाली, तनुजा एका पायावर यायला तयार होती, पण सासऱ्यानंच तिला समजावलं. “तीन हायेत, बाई. कमी झालंय. बऱ्या व्हणाऱ्या लेकराला कशापायी दवाखाना दाखवती? तुझं काम नवं हाय, ते जाईल.” तनुजाला पटलं, किंवा पटवून घेणं सोयीचं गेलं. असं एकदा झालं की दुसऱ्यांदा व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं वर्षही कोरडंच गेलं. पाऊस नाही आला, शहर मात्र आलं. वाळूजकडून रस्त्यानं सरकत सरकत ते वाडीच्या शिवेला लागलं. शेजारच्या साहेबरावानं आपलं रान विकलं आणि त्यात प्लॉट पडायला लागले. काकासाहेबाच्या रिकाम्या बागेच्या बांधाला लागून चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, ‘स्वप्ननगरी’ असा फलक. प्लॉटवाल्यांना टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता, त्यांनी काकासाहेबाला बोलावलं. ज्या बांधावरून त्यानं जन्मभर भांडणं केली त्याच बांधावर तो उन्हात टेपचं टोक पायाखाली दाबून उभा राहू लागला.

“ओ बाबा, ताणून धरा. एवढंसुद्धा येत नाही का?” टेपवालं पोरगं ओरडायचं.

तो ताणून धरायचा. टेपवरचे आकडे त्याच्या पायाशी लखलखायचे. दिवसच्या दिवस टेप त्याच्या हातात होती, पण संध्याकाळी ती घरी नेऊन पोरीच्या पायाला लावावी हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. कशाला यावं? ते माप जमिनीचं होतं, आणि पोरीच्या मापात खोट आहे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुनवा येत होत्या. तीन, मग परत तीन. मग तीन आणि थोडी फट. ती फट त्यानं आधी मनावर घेतली नाही, मग घेतली आणि बोलला नाही. होळीच्या सुमाराला चवथं बोट आत गेलं. घट्ट गेलं, पण गेलं.

“चार,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“असू द्या,” द्वारकाबाई म्हणाली. “तिच्या आईनं सोडली तवाबी चारच व्हती. जिथल्या तिथं आली म्हणायची. वाढलं तर नाय ना?”

वाढलं नव्हतं. निदान बोटं तसं म्हणत होती. फोनवर त्यानं तनुजाला चार सांगितलं. ती म्हणाली, “चारच ना, मामा? वर नाय ना?” तो म्हणाला, “चारच.” त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस त्याला याच गोष्टीचा त्रास व्हायचा होता, की आपण एकदाही खोटं सांगितलं नाही.

दिवाळीला तनुजा घरी आली. कावेरी पाण्याची कळशी घेऊन अंगणात येताना तिला दिसली आणि तिच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. पोरगी पाय टाकत नव्हती, एकेक पाय बाजूनं फिरवून पुढं आणत होती. परकराच्या आत गुडघे घासून काळे पडले होते.

“कावे, इकडं ये. नीज बघू,” ती म्हणाली.

द्वारकाबाई चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, “आगं, कोजागिरीच्या पुनवेला मोजलंय ह्यांनी. आता मोजू नको.”

“एकदाच, आत्याबाई. मला ऱ्हावंना.”

“पुनवेबिगर हात लावायचा नाय, म्या पयलंच सांगितलं व्हतं. काय वाढलं तर कुणाच्या डोक्यावर?”

काकासाहेब ओसरीवर बसला होता. त्याला ते लागलं. तो म्हणाला, “तनुजा, माझ्या बोटावर भरवसा नाय का तुझा? तुम्ही तिकडं शहरात. हितं पाणी म्या आणतो, तेल ही लावती. दर पुनवेला साबण लावून हात धुतो म्या. खोटं सांगीन का मी माझ्या नातीचं?”

“तसं नाय वो, मामा.”

“मग कसं?”

तनुजा गुडघ्यावर बसलेली होती, हात पुढं केलेला होता. मग तिनं हात मागं घेतला आणि पोरीचा परकर खाली ओढून नीट केला. सणाच्या दिवशी सासऱ्याचा शब्द खाली पाडायचा तिला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती कामावर गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कावेरीला पाळी आली. द्वारकाबाईनं तिला न्हाऊ घातलं, खणाचं नवं पोलकं शिवलं, शेजारणी बोलावून ओटी भरली. पोरगी मोठी झाली म्हणून बायका हसल्या, चिडवून गेल्या. आणखी वर्ष गेलं तशी ती उंचीनं वाढायची थांबली. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोरीच्या उंचीकडं बघायची त्या घराला सवय नव्हती, सगळे पायाकडं बघत होते.

मग एका पुनवेला चारी बोटं आत गेली आणि वर अंगठ्याला जागा उरली. काकासाहेबानं कावेरीला उठवलंही नाही. तिथंच बसून त्यानं फोन लावला. “तनुजा, चाराच्या वर गेलं,” तो म्हणाला. “आजच. मागच्या पुनवेला चार व्हती, आज वर गेलं. म्या लगोलग फोन केला.”

दुसऱ्या दिवशी ते तिघं दवाखान्यात होते. डॉक्टर तोच होता, थोडा जाड झाला होता. त्यानं जुना फोटो आणि नवा फोटो उजेडासमोर शेजारी शेजारी धरले. मग कावेरीला टेबलावर निजवून टेप लावली, परत लावली.

“इतके दिवस काय करत होता तुम्ही?” त्यानं विचारलं.

“साहेब, दर महिन्याला मोजलं,” काकासाहेब म्हणाला. “एक पुनव चुकवली नाय. चारच व्हती. काल वर गेलं आन् आज आणली.”

“चार काय?”

“बोटं.”

“कसं मोजलंत? दाखवा.”

काकासाहेब टेबलाजवळ गेला. त्यानं नेहमीसारखी बोटं जुळवली आणि पोरीच्या घोट्यांमधे हात घातला. चार, आणि वर अंगठा. “हे बघा,” तो म्हणाला. आपण नीट मोजतो हे डॉक्टरला दिसावं, म्हणून त्यानं हात तसाच ठेवला.

तनुजा त्या हाताकडं बघत होती. तिनं त्याचा हात मनगटाला धरून बाजूला केला आणि आपला घातला. चार बोटं गेली. राहिलेल्या जागेत तिनं दुसऱ्या हाताची बोटं घातली. तीही गेली, दोन आणि आणखी एक. मग तिनं तोच हात काकासाहेबाच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. तिची चार बोटं जिथं संपत होती तिथं त्याचं तिसरं संपत होतं.

कावेरी मान उचलून आईच्या आणि आजोबाच्या हाताकडं आळीपाळीनं बघत होती, आणि तिला सगळं समजत होतं.

डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर काकासाहेबाला थोडं हलकं वाटलं असतं. त्यानं फोटोतल्या गुडघ्याजवळची एक रेघ दाखवली आणि सांगितलं, की वाढीची जागा आता बुजली आहे, पट्टीचा काही उपयोग नाही. हाड कापायचं तर एका पायाचं आधी, मग दुसऱ्याचं, आणि प्रत्येक खेपेला कित्येक महिने अंथरूण. तेही पूर्ण सरळ होईलच असं नाही. घरी जाऊन विचार करा, तो म्हणाला.

बाहेर आल्यावर तनुजा एकच वाक्य बोलली. “मी दिवाळीत मोजणार व्हते, मामा.”

काकासाहेबाला वाटलं, हिनं आपल्याला चार माणसांत शिव्या द्याव्यात, हात तोडून टाका म्हणावं. ती पाण्याच्या नळाकडं गेली आणि पोरीची बाटली भरून घेऊन आली. त्याला स्वतःच्या हातांची किळस आली. याच हातांनी बाग लावली, याच हातांनी तोडली, आणि याच हातांनी आपण पोरीची वर्षं घालवली, तीही साबण लावून.

गंगापूरला जाणारी जीप खच्चून भरलेली होती. वाळूजला तनुजा उतरली, तिची ड्युटी होती. तिनं कावेरीच्या गालाला हात लावला, सासऱ्याकडं बघितलं नाही. तिच्या जागेवर एक जाडजूड बाई सरकली, शहागंजातून बाजार करून आलेली. मांडीवर पिशवी, पायाशी पिशवी आणि हातात लोणच्याची मोठी काचेची बरणी.

“पोरी, जरा पाय आवळून बस की. बरणी कुठं ठिवू मी?” ती म्हणाली.

“आवळलेच हायेत, मावशी,” कावेरी म्हणाली. “याच्यापरीस जुळत नायत.”

बाईनं वाकून बघितलं. गुडघे एकमेकांना चिकटलेले, आणि खाली दोन पावलांच्या मधे रिकामी जागा. तिला त्यात दुःखाचं काही दिसलं नाही, जागा दिसली. “आगं, मग तर लईच बरं झालं!” असं म्हणून तिनं बरणी तिथं ठेवली. बरणी घोट्यांच्या मधे अशी बसली, जणू मापानं करून घेतली होती.

“धर बरं जरा. फुटंल.”

“धरते.”

रस्त्यात खड्डे होते. जीप उडाली की कावेरी खाली बघायची आणि घोटे बरणीला अलगद टेकवायची. काकासाहेब शेजारी बसून ते बघत होता. त्याला मान वळवता येईना, आणि बाईला ती बरणी उचल म्हणायलाही तोंड उघडेना. काय म्हणून सांगणार होता?

वाडीच्या दोन थांबे आधी बाई उतरली. बरणी उचलून तिनं उजेडात फिरवून बघितली. “बघ बरं, एक ओरखडा नाय!” ती खुशीत म्हणाली. “एवढ्या खड्ड्यातनं आली. लई कामाचे पाय हायेत गं तुझे, पोरी.”

दवाखान्यापासून कावेरीच्या तोंडावर कसलाच भाव नव्हता. आता ती हसली. तिच्या पायांना कुणीतरी चांगलं म्हटलं होतं, बहुधा पहिल्यांदाच. “पुन्यांदा भेटलाव तर पुन्यांदा धरीन,” ती म्हणाली.

जीप सुटली. ती अजून हसतच होती. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं, असं काकासाहेबाला वाटलं.